छायाचित्रांची काटछाट

शिंप्याच्या भाषेत ‘बेतणे’ हा एक फार नेमका शब्द आहे. कापड अंथरून, मापाशी ताडून, लागेल तेवढेच कापायचे आणि उरणाऱ्या चिंध्यांचा हिशेब आधीच मनाशी करून ठेवायचा, हा सगळा अर्थ त्या तीन अक्षरांत मावतो. छायाचित्राच्या कडा छाटून ते ठरावीक मापात बसविण्याच्या क्रियेला आज जिकडेतिकडे ‘क्रॉप करणे’ म्हणतात. कोणी कापणे म्हणतो, कोणी छाटणे म्हणतो. परंतु ह्या क्रियेचे मर्म सांगणारा शब्द शिंप्याजवळच आहे, कारण येथेही मापाचा विचार आधी आणि कात्रीचा नंतर. संगणकाच्या पडद्यावर एक चौकट ओढावी, दोन आकडे लिहावे, कळ दाबावी की काम झाले. इतक्या क्षुल्लक कृतीला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. वस्तुतः तो इतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे, आणि तो घडविण्यात कलावंतांपेक्षा कारकुनांचा, पोलिसांचा व सरहद्दीवरील पहारेकऱ्यांचा वाटा मोठा आहे. कारकून ह्या नात्याने ह्या विषयाविषयी मला वाटणारे ममत्व वाचकांनी समजून घ्यावे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धती जाहीर झाली तेव्हा चित्र उमटत असे ते चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर. पूर्ण पत्रा साडेसहा इंच बाय साडेआठ इंचांचा. तो महाग, म्हणून त्याचे अर्धे, पाव, सहावा, नववा असे हिस्से करण्याची पद्धत पडली आणि गिऱ्हाइकाच्या खिशाप्रमाणे त्याचा चेहरा लहान किंवा मोठा निघू लागला. आपल्याकडील जुन्या स्टुडिओंत ‘फुल प्लेट’, ‘हाफ प्लेट’, ‘क्वार्टर प्लेट’ असे शब्द ज्यांनी ऐकले असतील त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ती भाषा त्या पत्र्याच्या वाटणीतून आलेली आहे. पत्रे गेले, काचा आल्या. काचा गेल्या, फिल्म आली. शब्द मात्र टिकून राहिले. चित्राचे माप त्या काळी चित्र काढण्यापूर्वीच ठरत असे. मागाहून कापण्याला वाव नव्हता, कारण एका पत्र्याचे एकच चित्र, आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे.

तो वाव निर्माण केला आंद्रे दिस्देरी नावाच्या पॅरिसच्या व्यावसायिकाने. १८५४च्या नोव्हेंबरात त्याने एका युक्तीचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक भिंगांनी अनेक चित्रे घ्यावीत, सर्वांचा ठसा एकाच कागदावर उमटवावा, आणि मग तो कागद कात्रीने कापून प्रत्येक तुकडा भेटकार्डाच्या आकाराच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा. एका काचेवर बहुधा आठ चित्रे बसत. पुठ्ठा सुमारे ६४ मिलिमीटर रुंद व १०० मिलिमीटर उंच. खर्च एका चित्राचा, प्रती आठ! ह्या कार्डांनी युरोपला वेड लावले. १८६० साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी कार्डे विक्रीस आली तेव्हा सामान्य माणसाच्या घरातही राणी येऊन बसली. कार्डे ठेवण्यासाठी खिडक्या कापलेले अल्बम निघाले, आणि खरी मौज येथे आहे. एकदा अल्बमची खिडकी ठरली की जगातील प्रत्येक छायाचित्रकाराला त्याच मापात माणूस बसविणे भाग पडले. लंडनचा असो, कलकत्त्याचा असो, चेहऱ्याभोवतीची जागा आता अल्बम बांधणारा ठरवीत होता. दिस्देरीचे स्वतःचे दैव मात्र फिरले; १८८९ साली तो पॅरिस येथे दारिद्र्यात मरण पावला.

हिंदुस्थानात ही विद्या लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, म्हणजे दिस्देरीच्या पेटंटच्याच वर्षाची. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील एक जाणते छायाचित्रकार होते. ह्याच मुंबईत विल्यम जॉन्सन ह्याने असा एक उपद्व्याप केला की त्याला आजच्या संगणकी करामतींचा पूर्वज म्हणण्यास हरकत नाही. मुंबईत वावरणाऱ्या जातीजमातींविषयीचे त्याचे पुस्तक १८६३ व १८६६ साली दोन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाले. त्यातील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसऱ्याच ठिकाणची. माणसे त्यांच्या मूळ चित्रातून अलग काढून मुंबई परिसराच्या दृश्यांवर बसविलेली आहेत. वाचकाला वाटावे की ही मंडळी तेथेच उभी होती! शास्त्रीय म्हणविणाऱ्या ग्रंथात अशी जोडाजोड व्हावी ह्याचे त्या काळी कोणास फारसे वावगे वाटलेले दिसत नाही. पुढे सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा अष्टखंडात्मक ग्रंथ १८६८ ते १८७५ ह्या काळात प्रसिद्ध केला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. एकेका जमातीच्या नावाखाली एखाददुसरा चेहरा. त्या चेहऱ्याचे स्वतःचे नाव पुष्कळदा नाहीच. कागदाच्या कडा कापल्या काय आणि माणसाचे नाव कापले काय, सत्ताधाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अनावश्यकच.

ह्या अंधारात एक सुखद अपवाद सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सरधन्याचे लाला दीनदयाळ हे रुरकीला शिकून १८६६ च्या सुमारास इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नक्शे व अंदाजपत्रके करण्याच्या कामाला लागले. छायाचित्रणाचा नाद त्यांना तेथे लागला आणि महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) ह्यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे निजामाने ‘राजा’ केलेले दीनदयाळ ते हेच. सरकारी कचेरीतील एका नक्शेवाल्याने, म्हणजे ज्याचा दिवस मोजपट्टी आणि समास ह्यांत जाई अशा माणसाने, देशातील सर्वांत रेखीव चौकटी टिपाव्यात ह्यात मला योगायोग दिसत नाही.

चेहऱ्याचे माप कायद्याच्या कक्षेत आणले ते पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियाँ ह्याने. हाही मूळचा कारकूनच. कैद्यांची वर्णने लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आले की ‘मध्यम बांधा, नाक साधारण’ अशा नोंदींनी कोणीच ओळखू येत नाही, आणि कैद्यांची छायाचित्रे वाटेल त्या अंतरावरून, वाटेल त्या उजेडात काढलेली असल्याने एकमेकांशी ताडता येत नाहीत. १८८० नंतरच्या दशकात त्याने नियम घालून दिले. एक चित्र समोरून, एक बाजूने. बैठक ठरलेली, भिंगाचे अंतर ठरलेले, आणि चित्र मूळ चेहऱ्याच्या एकसप्तमांश प्रमाणात. म्हणजे चित्रावर पट्टी ठेवून सातने गुणले की माणसाचे माप निघावे. दिस्देरीने चेहरा अल्बमच्या खिडकीत बसविला होता. बर्तियाँने तो कोष्टकात बसविला. आज आपण अर्जाला जोडतो ते चित्र ह्यांपैकी कोणाच्या कुळातले, असे विचाराल तर उत्तर फारसे सुखावह नाही. डोक्यावर टोपी नको, मान सरळ, हसू नये, पार्श्वभूमी कोरी: हे नियम अल्बमचे नव्हेत, तुरुंगाचे आहेत.

सभ्य नागरिकाला ते लागू झाले पहिल्या महायुद्धाने. कार्ल हान्स लोडी हा जर्मन हेर एका अमेरिकन गृहस्थाच्या नावाच्या पारपत्रावर ब्रिटनमध्ये उघड हिंडत होता. पारपत्रावर छायाचित्रच नव्हते. मग अडविणार कोण? तो पकडला गेला व ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १९१४ च्या अखेरीस अमेरिकेने आणि १९१५ साली ब्रिटनने पारपत्राला छायाचित्र सक्तीचे केले. सुरुवातीच्या त्या पारपत्रांतील चित्रे पाहण्यासारखी आहेत. कोणी टोपी घालून बसलेला, कोणी बागेत उभा, कोणाच्या खांद्याला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा टेकलेला. घरात जे चित्र असेल त्यातून आपला तुकडा कापून लोक धाडून देत. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिसला परिषद भरली आणि पारपत्राच्या पुस्तिकेचा एक सर्वमान्य नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पारपत्राचा कायदा झाला. ‘पासपोर्ट साइज’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की ज्याने जन्मात पारपत्र काढले नाही, त्याच्याही कपाटात एखाद्या पाकिटात ह्या मापाच्या चार प्रती असतातच. १९९३ साली निवडणूक आयोगाने मतदारांना छायाचित्रयुक्त ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला, तेव्हा हे माप खेड्यातील म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत पोहोचले. कित्येकांच्या आयुष्यातील ते एकमेव छायाचित्र.

पस्तीस मिलिमीटर रुंद, पंचेचाळीस मिलिमीटर उंच. ह्या चौकोनात आम्ही कचेरीतली माणसे रोज शेकडो चेहरे पाहतो. जुन्या रिवाजाप्रमाणे शिक्का असा मारायचा की अर्धा छायाचित्रावर उमटावा आणि अर्धा कागदावर, म्हणजे कोणी मागाहून चित्र बदलू नये. त्या शिक्क्याखाली कपाळ गेले, हनुवटी गेली, तरी फाइल समाधान पावते. परंतु निवृत्तिवेतनाच्या कागदांचे प्रकरण निराळे. त्यांना पती-पत्नीचे एकत्र छायाचित्र लागते, कारण उद्या नवरा गेला तर मागे राहिलेली बाई तीच आहे हे त्या चित्रावरून पटावे. अशी काही चित्रे पाहिली की तत्काळ कळते, हे जोडपे ह्यासाठी स्टुडिओत गेलेले नाही. कोणाच्या तरी मुंजीतील वा लग्नातील घोळक्यातून ते कापून काढलेले असते. एका कडेला कोणा तिसऱ्याचा कोपर राहून गेलेला, दुसऱ्या कडेला मुंडावळीची एक सर. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात दोघे शेजारी उभे असलेले तेवढेच एक चित्र! नियमाच्या दृष्टीने तो कोपर अनावश्यक. माझ्या दृष्टीने त्या कागदावर वाचण्याजोगे तेवढेच असते.

पण हे विषयांतर झाले. चौकट मागाहून बदलता येते ह्याचा कलेने केलेला उपयोगही पाहिला पाहिजे. ऑस्कर बार्नाक ह्या जर्मन यंत्रकाराने १९१३-१४ मध्ये सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म साध्या कॅमेऱ्यात घातली आणि सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ ची एक केली. दोनास तीन हे प्रमाण तेथून आले. (सिनेमाच्या त्याच लहान चौकटीतून आपल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३च्या मे महिन्यात मुंबईच्या पडद्यावर आला होता.) १९२५ साली हा लायका कॅमेरा बाजारात आला. त्याच्या लहानशा फिल्मवरून मोठे चित्र काढायचे म्हणजे अंधाऱ्या खोलीत यंत्राने वाढविणे आले, आणि वाढविताना कोणता भाग ठेवायचा व कोणता सोडायचा हा प्रश्न प्रत्येक चित्रापुढे उभा राहिला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्याचा कटाक्ष असा की चौकट जी ठरवायची ती कळ दाबतानाच. नंतर कापाकापी नाही. परंतु डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्याचे १९३२ सालचे सुप्रसिद्ध चित्र कुंपणाच्या फटीतून घेतलेले होते, आणि त्यात घुसलेली फळी कापावीच लागली. उलट आर्नल्ड न्यूमनने १९४६ साली संगीतकार स्त्राविन्स्कीचे चित्र घेतले ते कापूनच घडविले. पियानोचे प्रचंड काळे झाकण आणि खाली कोपऱ्यात बारीकसा माणूस. ज्या मासिकाने ते मागविले होते त्याने ते नाकारले. आज स्त्राविन्स्की म्हटले की हेच आठवते.

कापण्याने माणसाचे काय होते ह्याचा सर्वांत बोलका दाखला क्यूबातील आहे. ५ मार्च १९६० रोजी हवानात, आदल्या दिवशी स्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेत, आल्बेर्तो कोर्दा ह्याने चे गेव्हाराची दोन चित्रे घेतली. त्यांपैकी आडव्या चौकटीत एका बाजूला ताडाची पाने होती आणि दुसऱ्या बाजूला आणखी एका माणसाचा चेहरा. कोर्दाने दोन्ही कापून टाकले आणि मधला चेहरा तेवढा ठेवला. वर्तमानपत्राने त्या दिवशी ते चित्र छापलेही नाही. पुढे सात वर्षांनी ते जगापुढे आले आणि आता ते सदऱ्यांवर, पेल्यांवर, भिंतींवर सर्वत्र आहे. कापला गेलेला माणूस म्हणजे होर्हे मासेत्ती हा अर्जेंटिनी पत्रकार. १९६४ साली तो अर्जेंटिनातील साल्ता प्रांताच्या जंगलात बंडखोर तुकडीसह गेला असता नाहीसा झाला आणि पुन्हा सापडला नाही.

छापखान्यांतून ह्या कामाचे एक साधे हत्यार असे. जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घ्यायचे, ते समोरासमोर चित्रावर ठेवून मागेपुढे सरकवायचे, की मध्ये हवी तशी चौकट तयार होते. जागा पसंत पडली की कडेला पेन्सिलीने खुणा करायच्या आणि चित्र ब्लॉक करायला धाडायचे. संगणकातील चित्रसंपादनाच्या कार्यक्रमांत काटछाटीची जी खूण दिसते, ती म्हणजे एकमेकांत अडकलेले हेच दोन काटकोन होत. पुठ्ठा कधी हातात न धरलेले तरुण ती खूण रोज दाबतात.

आता संगणकाकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्र संगणकात उतरविण्याचे यंत्र बांधले, आणि कर्श ह्यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे पाच सेंटिमीटर चौरसाचे चित्र त्याला लावले. यंत्राने त्याचे १७६ उभे आणि १७६ आडवे, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके केले. संगणकाच्या स्मरणात ह्याहून अधिक मावण्याजोगी सोय नव्हती. प्रत्येक ठिपका चौकोनी, आणि एकतर काळा नाहीतर पांढरा. ‘पिक्सेल’ हा शब्द छापील स्वरूपात आला तो १९६५ साली. कर्श ह्यांना स्वतःला ते चौकोनी ठिपके पुढे खटकू लागले. ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावर, २०१० साली, त्यांनी मुलाच्या त्याच चित्रावर निरनिराळ्या आकारांच्या ठिपक्यांचा प्रयोग करून पाहिला. तोपर्यंत जग चौकोनात पक्के बसले होते.

त्या चौकोनांवर चालणारी कात्री घडविली ती थॉमस व जॉन नोल ह्या दोघा भावांनी. थॉमस मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करीत असताना १९८७ साली त्याने घरच्या मॅकिन्टॉशवर चित्रे दाखविणारा एक कार्यक्रम लिहिला. भाऊ चित्रपटांच्या दृश्यकरामतींच्या धंद्यात होता, त्याने त्याची उपयुक्तता ओळखली. १९ फेब्रुवारी १९९० रोजी तो ‘फोटोशॉप’ ह्या नावाने ॲडोबी कंपनीने बाजारात आणला. पुढे कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी ‘गिम्प’ हा तशाच जातीचा कार्यक्रम लिहून सर्वांना फुकट मोकळा केला. त्या दिवसापासून दिस्देरीची कात्री ज्याच्या त्याच्या हातात आली, असे म्हणता येईल.

कात्री आली, बेतण्याची रीत मात्र सर्वांपर्यंत पोहोचली असे नाही. नोकरीच्या अर्जांत आज ‘छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेल’, ‘सही १४० बाय ६० पिक्सेल’ असे नियम असतात. पारपत्राच्या मापाचे चित्र रुंदीने २०० पिक्सेल केले तर त्याची उंची प्रमाणाने २५७ येते. म्हणजे सत्तावीस ओळी जास्त. त्या वरून वा खालून कापल्या पाहिजेत. हे ज्याला ठाऊक नाही तो आकडे लिहितो आणि संगणकाला सांगतो की ‘कसेही कर, पण २०० बाय २३० कर’. यंत्र आज्ञाधारक. ते काहीच कापत नाही, सबंध चेहरा उंचीत दाबून टाकते. गालफडे सुजल्यासारखी दिसतात, मान खांद्यांत जाते. कापणे निराळे आणि लहान करणे निराळे, हा भेद न कळल्याने असे चपटलेले चेहरे अर्जांच्या गठ्ठ्यांतून सर्रास दिसतात. योग्य क्रम असा की आधी चौकटीचे प्रमाण ठरवून, डोक्यावर थोडी जागा सोडून कापावे; मग कापलेले चित्र हव्या त्या पिक्सेलसंख्येला लहान करावे; आणि सेंटिमीटरची चिंता केवळ कागदावर छापतानाच करावी. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३५ बाय ४५ मिलिमीटरला सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या प्रवासपत्रांच्या नियमांत चेहऱ्याने, म्हणजे माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या भागाने, चित्राच्या उंचीचे ७० ते ८० टक्के व्यापावेत असे आहे. बर्तियाँचा सातवा हिस्सा गेला. हे टक्के आले. फरक इतकाच की पूर्वी चेहरे ताडणारा डोळा माणसाचा होता.

अचूक मापाच्या ह्या हव्यासाला यंत्राची स्वतःचीही एक आडकाठी आहे. १९९२ साली मान्य झालेल्या जेपेग पद्धतीत चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत वाटून साठविलेले असते. त्याचा कस न बिघडविता कापायचे तर डावीकडील आणि वरील कड ह्या चौकोनांच्या सीमेवरच पडली पाहिजे, जशी फरशीबंद जमीन फरशीच्या सांध्यावरच उखडता येते. मधूनच कापायचे तर चित्र पुन्हा नव्याने साठवावे लागते आणि प्रत्येक वेळी त्याचे थोडे सत्त्व जाते. तेच तेच चित्र दहा अर्जांसाठी दहादा कापणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती जे धुळकट ठिपके दिसू लागतात ते ह्यामुळे. मूळ चित्र जसेच्या तसे जपून प्रत्येक वेळी त्याच्या प्रतीवर कात्री चालवावी, हे छापखान्यातले जुने लोक न सांगता पाळीत असत.

आणि कापलेले खरोखरच जाते काय? कागदाच्या कपट्याची आपण खात्री देऊ शकतो. तो जमिनीवर पडलेला दिसतो. २०२३ च्या मार्चमध्ये दोघा संशोधकांनी दाखवून दिले की गूगलच्या ‘पिक्सेल’ फोनमधील चित्र कापण्याच्या सोयीत मोठा दोष आहे. कापलेले चित्र मूळ चित्राच्या जागी लिहिले जाई, ते लहान असल्याने जागा थोडी व्यापी, आणि तिच्या पुढे मूळ चित्राचा शिल्लक भाग पुसला न जाता तसाच राही. जाणकाराला तो पुष्कळ अंशी परत उभा करता येत असे. कोणी बँकेच्या कागदावरील खातेक्रमांक कापून चित्र पाठविले असेल, कोणी पत्ता कापला असेल, कोणी शेजारी बसलेल्या व्यक्तीला कापले असेल. दिसायला सर्व गेले होते आणि असायला सर्व तेथेच होते. ही सोय २०१८ पासून चालू होती. फोनमधील दोष त्याच महिन्यात दुरुस्त करण्यात आला. आधीच्या पाच वर्षांत पाठविली गेलेली चित्रे मात्र जेथे जेथे मुळाबरहुकूम साठविली गेली, तेथे कापलेल्या भागासकट पडून आहेत.